जिज्ञासा आणि आशा : कान्हेरीच्या शिलालेखांच्या आधारे एक विचार

१

ज्ञान कोणत्या प्रमाणांनी सिद्ध होते, प्रमा आणि भ्रम यांतील भेद कसा ओळखावा, ज्ञानाला मर्यादा आहेत काय, या प्रश्नांची चर्चा भारतीय व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांत विपुल झालेली आहे. त्या मानाने ज्ञान प्राप्त होण्यापूर्वीची जी अवस्था, म्हणजे शिकत असलेल्या माणसाची अवस्था, तिचे विश्लेषण थोडके आढळते. प्रमाणशास्त्र मुख्यत्वे झालेल्या ज्ञानाची तपासणी करते. होऊ घातलेल्या ज्ञानाविषयी ते फारसे बोलत नाही. परंतु विद्यापीठात व्यतीत होणारा बहुतेक काळ या दुसऱ्या अवस्थेतच जातो. विद्यार्थ्याला विषय अजून आकळलेला नसतो, संशोधकाला उत्तर अजून सापडलेले नसते आणि अध्यापक जे शिकवतो त्याचे फळ त्याच्या डोळ्यांसमोर क्वचितच येते. असे असूनही हे तिघे आपापले काम करीत राहतात. ते कशाच्या बळावर करतात, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा वाटतो; वस्तुतः तो तत्त्वज्ञानाचाही आहे.

१७८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'शुद्ध बुद्धीच्या मीमांसे'त इमॅन्युएल कांटने बुद्धीच्या सर्व जिज्ञासा तीन प्रश्नांत एकवटल्या आहेत. पहिला जाणण्याविषयीचा, दुसरा कर्तव्याविषयीचा आणि तिसरा आशेविषयीचा. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचा संबंध कांटने नीती आणि सुख यांच्याशी जोडला. सदाचरण करणाऱ्याला सुखाची आशा धरण्याचा अधिकार आहे काय, अशा रूपात त्याने तो मांडला. जाणणे आणि आशा करणे ही त्याच्या व्यवस्थेत दोन स्वतंत्र दालने राहिली. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे की, शिकण्याच्या क्रियेत ही दोन दालने एकमेकांत उघडतात. आशा ही जिज्ञासेची पूर्वअट आहे. आणि दीर्घकाळ टिकायची तर तिला एकट्या व्यक्तीच्या मनाचा आधार पुरत नाही, संस्थेचा लागतो. या प्रतिपादनासाठी मुंबईच्या उपनगरातील, बोरिवलीच्या पूर्वेस असलेल्या कान्हेरी लेण्यांचा आणि तेथील शिलालेखांचा दाखला घेतला आहे. विद्येचे एक केंद्र कसे उभे राहते, कसे लोपते आणि त्याचे बोलणे पुन्हा कसे कानी येते, हे तेथे एकाच डोंगरावर पाहावयास मिळते.

२

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. अपेक्षा, श्रद्धा आणि आशा हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. विचारात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात. अपेक्षेला हिशेबाचा आधार असतो. पदवी मिळाली की नोकरी मिळेल, ही अपेक्षा होय. पूर्वानुभवावरून तिची शक्याशक्यता अजमावता येते आणि ती चुकली तर फसगत झाल्याची भावना होते. श्रद्धेत वस्तू अगोदरच स्वीकारलेली असते. तिच्यात शोधाला वाव असला तरी संशयाला तो थोडा असतो. आशा या दोहोंच्या मधली आहे. जिची खात्री नाही, परंतु जी अशक्यही ठरलेली नाही, अशा इष्ट गोष्टीकडे प्रयत्नपूर्वक तोंड करून राहणे म्हणजे आशा. 'प्रयत्नपूर्वक' हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे. प्रयत्नावाचून असलेली आशा म्हणजे नुसती वाट पाहणे. मराठीत अशा माणसाला 'आशाळभूत' म्हणतात आणि त्या शब्दातील तुच्छता उघड आहे.

मराठी भाषेने या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भेद जपून ठेवला आहे. फारसीतून आलेल्या 'उमेद' या शब्दाचा मूळ अर्थ आशा हाच आहे. पण मराठीत तो रुळला तो काम करण्याची हिंमत, अंगातील उत्साह या अर्थाने. त्यापासून झालेला 'उमेदवार' हा शब्द आज निवडणुकीमुळे किंवा नोकरीच्या अर्जामुळे सर्वतोमुखी झालेला आहे. परंतु 'उमेदवारी करणे' याचा मराठीतील जुना आणि अजूनही प्रचलित अर्थ, एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकणे, असा आहे. कारखान्यात, वकिलाच्या कचेरीत किंवा छापखान्यात काम शिकणाऱ्याला आपल्या भाषेने 'आशा बाळगणारा' असे नाव द्यावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्याजवळ अजून कौशल्य नाही, वेतन असले तर नाममात्र. जे आहे ते एवढेच की आपल्याला हे येईल असे धरून तो हात चालवीत आहे. शिकणाऱ्याची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.

उपनिषद्वाङ्मयातही या विचाराला आधार सापडतो. छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायात अनेक विद्या शिकूनही शोकग्रस्त राहिलेला नारद सनत्कुमारांकडे येतो. सनत्कुमार त्याला नामापासून आरंभ करून एकाहून एक श्रेष्ठ अशा तत्त्वांची पायऱ्यापायऱ्यांनी ओळख करून देतात. या क्रमात स्मृतीच्या वर आशेला स्थान दिलेले आहे. स्मृती अध्ययनाला प्रवृत्त होते ती आशेच्या प्रेरणेने, असे त्यांचे सांगणे आहे. म्हणजे पाठांतरावर उभ्या असलेल्या त्या काळच्या विद्याव्यवस्थेतही, केवळ स्मरणशक्ती असून भागत नाही, तिला पेटवणारे काही लागते, हे ओळखले गेले होते.

३

आता मूळ तात्त्विक प्रश्नाकडे वळता येईल. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात तो एका कूटप्रश्नाच्या रूपाने येतो. जी गोष्ट माहीत आहे तिचा शोध घेण्याचे कारण नाही. जी माहीत नाही तिचा शोध घेता येत नाही, कारण काय शोधायचे हेच ठाऊक नसते आणि ती समोर आली तरी ओळखता येणार नाही. मग शिकणे शक्य तरी कसे व्हावे? ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी स्वतंत्रपणे हाच प्रश्न उपस्थित केला आहे. ब्रह्म प्रसिद्ध असेल तर त्याची जिज्ञासा करणे नको आणि अप्रसिद्ध असेल तर ती करणेच शक्य नाही, अशी ती शंका आहे.

दोघांची उत्तरे वेगळी आहेत. सॉक्रेटिस पूर्वजन्मीच्या ज्ञानाच्या स्मरणाची कल्पना मांडतो आणि भूमितीचे शिक्षण न मिळालेल्या एका दासपुत्राकडून चौरसाच्या दुपटीचा प्रश्न सोडवून घेऊन तिचे समर्थन करतो. आचार्यांचे उत्तर अधिक संयत आहे. वस्तू सामान्य रूपाने ज्ञात असते, तिच्या विशेष स्वरूपाविषयी मात्र मतभेद असतात. आणि या सामान्य ज्ञान व विशेष अज्ञान यांच्यामधील अंतरातच जिज्ञासेला जागा मिळते. न्यायभाष्यकार वात्स्यायनाची भूमिकाही याला जवळची आहे. सर्वस्वी अज्ञात विषयात आणि पूर्ण निर्णय झालेल्या विषयात न्यायाची प्रवृत्ती होत नाही. ती संशयित विषयातच होते, असे तो म्हणतो.

ही उत्तरे जिज्ञासा शक्य कशी होते ते सांगतात. परंतु जे शक्य आहे ते प्रत्यक्षात का घडावे, हा प्रश्न उरतोच. संशयाला दोन बाजू असतात; त्या दोहोंमध्ये मन स्थिर बसूनही राहू शकते. निर्णय होईल असे धरल्याशिवाय संशयित मनुष्य निर्णयाच्या दिशेने पाऊल टाकणार नाही. सॉक्रेटिसाने हे ओळखले होते. आपल्या स्मरणसिद्धान्ताच्या सर्व तपशिलाविषयी तो आग्रह धरीत नाही. आग्रह धरतो तो एवढ्याच गोष्टीचा की, अज्ञाताचा शोध घेता येतो असे मानणारी माणसे, तो घेता येत नाही असे मानणाऱ्यांपेक्षा अधिक चांगली, अधिक धीट आणि कमी आळशी होतात. तर्काने अजून सिद्ध न झालेल्या, पण ज्याच्यावाचून तर्क चालूच होत नाही अशा गोष्टीचा हा स्वीकार आहे. वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे त्याला आशा हेच नाव योग्य ठरते.

४

हा विचार केवळ संकल्पनांच्या पातळीवर ठेवला तर तो सहज पटण्यासारखा असला तरी पोकळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून आता कान्हेरीचा दाखला घेणे इष्ट होईल.

साष्टी बेटावरील ज्या डोंगराला संस्कृत लेखांत कृष्णगिरी म्हटले आहे, त्याच्या काळ्या खडकात शंभरावर लेणी खोदलेली आहेत. आज ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात. सातवाहन काळापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध संघाची वस्ती होती. भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या, बसण्याचे दगडी ओटे आणि लेण्यालेण्यापाशी खोदलेली पाण्याची टाकी, असे या वसाहतीचे स्वरूप आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या काळच्या, तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहातील लेखात भद्रयानीय शाखेचा उल्लेख येतो. दानलेखांत कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतील व्यापारी व कारागीर येतात, तसेच भिक्षू आणि भिक्षुणीही येतात. एका लेखात जी शेतजमीन दान दिल्याचे नमूद आहे ती मंगलस्थानातील, म्हणजे आजच्या बोरिवलीजवळच्या मागाठाण्यातील आहे.

या लेखांतील एक संज्ञा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ती म्हणजे 'अक्षयनीवी'. दात्याने ठेवलेल्या मूळ रकमेला कोणीही हात लावावयाचा नाही. तिच्यावर येणाऱ्या व्याजातून ठरावीक खर्च करावयाचा, अशी ती कायम ठेव होय. तिचे गणित नाशिकच्या लेण्यातील, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात स्पष्टपणे पाहावयास मिळते. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले : एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि त्यातून वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे, असा संकेत होता. कान्हेरीतही वर्षावासात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी अशाच ठेवी ठेवलेल्या आढळतात.

ही पद्धत पुढे शतकानुशतके चालू राहिली. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता होती. त्या काळच्या, शके ७६५ च्या सुमाराच्या एका लेखात ठेवीच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी, चीवरांसाठी आणि ग्रंथांसाठी वेगवेगळी तरतूद केलेली आहे. शके ७७५ च्या लेखात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म ठेवल्याचे नमूद आहे. त्यापूर्वी, त्रैकूटकांच्या संवत्सर २४५ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस, सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या गृहस्थाने येथे शारद्वतीपुत्राचे चैत्य उभारले होते. शारद्वतीपुत्र म्हणजे सारिपुत्त. बुद्धाच्या शिष्यांत प्रज्ञेच्या बाबतीत अग्रगण्य मानला गेलेला. स्मारकासाठी निवड झाली ती अशा जाणत्या शिष्याची, हेही नजरेआड करता येत नाही.

आता अक्षयनीवीमागील विचार तपासून पाहावा. ठेव ठेवणारा मनुष्य पुढील पावसाळ्यात तेथे कोण भिक्षू राहील हे जाणत नाही. शंभर वर्षांनी कोण राहील, तो काय वाचील, त्याला काय उमगेल, हे तर त्याला कळणे शक्यच नाही. विणकरांची श्रेणी टिकेल याची हमी नाही, राजवट टिकण्याची तर नाहीच. तरीही मूळ धन सुरक्षित ठेवून व्याज अज्ञात वाचकाच्या नावे करून तो मोकळा होतो. दात्याच्या मनातील इच्छा पुण्याची होती, विद्याप्रसाराची नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो बहुतांशी खराही आहे. परंतु मनातील हेतू आणि कृतीची रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेतू काहीही असो, कृतीची रचना अशी आहे की तिचे फळ कोणा अपरिचिताला, अनिश्चित काळी मिळावे. खात्री नाही, पण अशक्यही नाही, अशा इष्ट गोष्टीसाठी आज केलेली ही तजवीज आहे. व्यक्तीच्या मनात क्षणोक्षणी चढउतार होणाऱ्या आशेला येथे व्यवस्थेचे रूप मिळालेले आहे. दाता निराश झाला किंवा वारला तरी भिक्षूला चीवर मिळणे थांबत नाही.

५

तथापि अक्षयनीवी अक्षय राहिली नाही, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी एका लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. पुढे मात्र ही वसाहत ओस पडली. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात आणि नंतर दियोगो दो कोतो याने या लेण्यांचे उल्लेख केले. त्यांना लेणी दिसली, पण लेख वाचता आले नाहीत. परदेशी प्रवाशांनाच नव्हे, परिसरातील पंडितांनाही ती लिपी अनोळखी झालेली होती. ज्या लेखांत 'कायम' या अर्थाचा शब्द कोरलेला होता, तो शब्द वाचणारा कोणी उरला नव्हता.

ही कोंडी ज्या रीतीने फुटली तिच्यात तिसऱ्या विभागातील कूटप्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष घडताना दिसते. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाहत होता. यांपैकी बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्याच्या लक्षात आले. देवस्थानांत भाविक लोक खांब, फरश्या देतात आणि त्यांवर आपली नावे घालतात, ही गोष्ट त्याला सामान्यपणे ठाऊक होती. तेव्हा ती दोन अक्षरे 'दानं' अशी असावीत आणि त्यांच्या आधीचे अक्षर षष्ठी विभक्तीचे असावे, असे अनुमान त्याने केले. तेथून अक्षरे एकामागून एक सुटत गेली. लिपी सामान्य रूपाने ज्ञात होती आणि विशेष रूपाने अज्ञात, हे आचार्यांच्या भाषेत त्याचे वर्णन होईल.

पण यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे. या खुणांना अर्थ आहे, तो माणसांनी माणसांसाठी लिहिलेला आहे आणि तो पुन्हा कळू शकेल, हे वाचन सिद्ध होण्यापूर्वी सिद्ध झालेले नव्हते. आणि ते धरून चालल्यावाचून वाचनाला आरंभही झाला नसता. भाषा संस्कृत असावी हा आधीचा तर्क चुकीचा ठरला, ती प्राकृत निघाली. तर्क बदलला, परंतु अर्थ असल्याविषयीचे गृहीतक सुटले नाही. आशा आणि तर्क यांचे कार्यविभाजन येथे स्पष्ट होते : तर्काने विशिष्ट विधाने तपासून टाकून द्यावयाची आणि आशेने तपासणी चालू ठेवावयाची. प्रिन्सेप १८४० मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी निवर्तला. पुढे कान्हेरीच्या लेखांवर बर्ड, स्टीव्हन्सन, वेस्ट यांनी काम केले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन १८८२ च्या ठाणे गॅझेटियरच्या उपयोगी पडले. आणि १९९१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी तेथील स्मारकस्तूपांवरील लेखही वाचले. स्थविरांची नावे आणि 'त्रैविद्य', 'षडभिज्ञ' यांसारखी त्यांची विशेषणे त्यामुळे पुन्हा वाचता आली. जाणत्या माणसांच्या स्मरणार्थ कोरलेली अक्षरे शेकडो वर्षे मुकी राहून दुसऱ्या जाणत्या माणसांपर्यंत पोहोचली.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, भारतीय विचारात आशा हे बंधन मानले आहे. 'आशा सुटेना आणि देव भेटेना' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. बौद्ध मत तर तृष्णेलाच दुःखाचे मूळ ठरवते. मग बौद्ध विहारात आशेचा आदर्श शोधणे विपरीत नव्हे काय? याचे उत्तर बौद्ध परिभाषेतच मिळते. तृष्णा आणि छंद असे दोन वेगळे शब्द तेथे आहेत. छंद म्हणजे करण्याची इच्छा. ती कुशलही असू शकते आणि अकुशलही. चार ऋद्धिपादांत छंद, वीर्य, चित्त आणि मीमांसा यांची गणना होते. इच्छेपासून आरंभ आणि तपासणीत शेवट. तृष्णा वस्तू आपल्यापाशी असावी असे म्हणते, छंद कार्य पुरे व्हावे असे म्हणतो. ज्ञानाची आशा पहिल्या प्रकारची झाली की ती पदवीची, प्रतिष्ठेची किंवा वादात जिंकण्याची हाव होते. तेव्हा ती बंधनकारक ठरते, यात शंका नाही. छांदोग्यातही आशा ही शेवटची पायरी नाही. तिच्या वर प्राण आहे आणि अखेर भूमा आहे. परंतु पायरी शेवटची नाही म्हणून ती वगळून वर जाता येते, असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आशा सफळ झाल्याची उदाहरणे नंतर वेचून काढणे सोपे असते. विफल झालेल्या आशांची नोंद कोण ठेवतो? सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हांवर अनेक विद्वानांनी आयुष्ये वेचली, परंतु त्यांचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. कदाचित ते कधीच होणार नाही. हा आक्षेप मान्य केला पाहिजे, कारण तो मान्य केल्यानेच आशेचे स्वरूप शुद्ध राहते. आशा म्हणजे यशाची हमी नव्हे. हमी असती तर ती अपेक्षा झाली असती. आशेचे समर्थन फळावरून करता येत नाही, ते तिच्या अभावी काय अशक्य होते यावरून करावे लागते. सिंधू मुद्रांचे वाचन होईल असे कोणीच न मानल्यास ते होणार नाही, एवढे मात्र निश्चित. शिवाय अयशस्वी प्रयत्नांतूनही चिन्हांच्या सूची, मुद्रांचे संग्रह आणि चुकीच्या वाटांची नोंद मागे राहते. मूळ धन वाढत राहते. व्याज कोणाला मिळेल ते ठरलेले नसते.

७

येथवरच्या चर्चेत एक प्रश्न बाजूला राहिला आहे. ज्ञानाची आशा धरण्याचा अधिकार कोणाला? हा प्रश्न टाळला तर सर्व विवेचन सुखवस्तूंचा विचारविलास ठरेल. ज्या ब्रह्मसूत्रभाष्यात जिज्ञासेचा कूटप्रश्न इतक्या मार्मिकपणे सोडवला आहे, त्याच भाष्यात पुढे अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेला आहे. जिज्ञासा मनुष्याच्या ठिकाणी संभवते असे मानणारा विचार सर्व मनुष्यांच्या ठिकाणी ती मानावयास तयार होत नाही, हे येथे दिसते. बौद्ध संघाने हे दार अधिक उघडे ठेवले, याची साक्ष दानलेखांतील कारागीर आणि भिक्षुणी देतात. परंतु तेथेही सर्व काही समाधानकारक नाही. मागाठाण्याच्या शेताचा उल्लेख लेखात आला. अशी शेते कसणाऱ्यांची नावे दानलेखांत सहसा येत नाहीत.

मूळ धन कोणाच्या श्रमाचे आणि व्याज कोणाच्या पदरी, हा प्रश्न आधुनिक काळात स्पष्टपणे विचारला तो जोतीराव फुले यांनी. ज्या वर्षी ठाणे गॅझेटियरमध्ये कान्हेरीची माहिती छापली गेली, त्याच १८८२ साली त्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारी महसूल येतो तो शेतकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे तत्त्व त्यांनी अमान्य केले आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क देशभर कायद्याने अमलात येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. मधल्या १२८ वर्षांत कित्येक पिढ्यांची जिज्ञासा आरंभ होण्यापूर्वीच संपली असेल. आशेचा अभाव हा अशा वेळी मनाचा दोष नसतो. ज्याच्यासाठी कोणी ठेव ठेवलेलीच नाही त्याने आशा धरावी, असे म्हणणे हा केवळ उपदेश होतो.

८

वरील चर्चेतून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील.

जिज्ञासेसाठी सामान्य ज्ञान आणि विशेष अज्ञान यांची जशी आवश्यकता आहे, तशीच ते अज्ञान दूर होऊ शकेल या आशेचीही आहे. ही आशा अपेक्षेहून वेगळी आहे. आज मुंबईच्या उपनगरांतून विद्यापीठात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात पदव्युत्तर शिक्षण प्रथमच पोहोचत आहे. पदवीनंतर उपजीविका मिळावी ही त्यांची अपेक्षा सर्वथा न्याय्य आहे. ती पुरी होत नसेल तर तिची दखल समाजाने घेतली पाहिजे, आणि 'ज्ञानासाठी ज्ञान' या वचनाने तिची बोळवण करणे अनुचित होय. परंतु अपेक्षा पुरी झाली किंवा भंगली, तरी तिच्याबरोबर आशेचाही निकाल लागतो असे समजणे ही विचारातील चूक आहे. दोहोंचे आधार भिन्न आहेत.

दुसरा निष्कर्ष अध्यापन आणि संशोधन यांच्याविषयीचा आहे. अध्यापकाने दिलेला पाठ, ग्रंथपालाने नीट लावलेली सूची, संशोधकाने प्रामाणिकपणे नोंदवलेले अपयश, या सर्व अक्षयनीवी आहेत. त्यांचे मूल्य आजच्या वाचकांच्या संख्येवरून ठरत नाही. शके ७६५ च्या सुमारास ज्याने ग्रंथांसाठी तरतूद केली त्याला त्या ग्रंथांचे पुढे काय होणार हे माहीत नव्हते. ते ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. तरतुदीची नोंद मात्र उपलब्ध आहे आणि ती वाचता येते.

तिसरा निष्कर्ष संस्थांविषयीचा आहे. शिष्यवृत्ती, वाचनालय, वसतिगृह आणि नियमितपणे भरणारे वर्ग ही केवळ प्रशासनाची बाब समजली जाते. वस्तुतः जिज्ञासेची पूर्वअट ज्या रूपात प्रत्यक्ष अस्तित्वात येते ते हे रूप आहे. विद्यार्थ्यांत उमेद उरलेली नाही अशी तक्रार जेथे ऐकू येते, तेथे विद्यार्थ्यांचे मन तपासण्यापूर्वी त्यांच्या नावे काय ठेवले गेले आहे आणि त्याचे व्याज त्यांच्यापर्यंत पोहोचते की नाही, याचा तपास करणे योग्य होईल.